सुरयीची सही

शिरपूरला मला राहायला खोली मिळाली ती अंगठा दाखवून.

मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. धुळ्याहून ट्रंक आणि वळकटी घेऊन मी मोटारीतून उतरले आणि शाळेच्या शिपायाने मला एका घरासमोर आणून उभं केलं. ओट्यावर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. अंगात बंडी, चष्मा कपाळावर चढवलेला. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"उजवा अंगठा," ते म्हणाले.

मला राग आला. "मला सही येते. मी शिक्षिका आहे."

"ते दिसतंच आहे. अंगठा बघू."

मी हात पुढे केला. त्यांनी बंडीच्या खिशातून भिंग काढलं, माझा अंगठा उजेडाकडे वळवला आणि चांगला निरखून पाहिला.

"शंख आहे. पण मधल्या रेघा तुटल्यात. लहानपणी विळीवर कापला होता?"

"हो."

"छान!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तुमच्या नावानं दुसरं कुणी येऊन राहील ही भीती नाही. अगं ए, खोली उघड. मास्तरीणबाई आल्या!"

आतून अक्का आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीचा पदर खोचलेला. "आल्या आल्या पोरीचा हात धरलात का? आधी पाणी तरी विचारायचं," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली वळकटी त्यांनीच उचलली.

गाव त्या गृहस्थांना आबा म्हणे, त्यांच्या बायकोला अक्का. स्वातंत्र्य मिळून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि आबांना पेन्शन लागून त्याहून थोडी. त्यांची सगळी नोकरी सबरजिस्ट्रारच्या कचेरीत गेली. खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत करायला येणाऱ्यांचे अंगठे शाईच्या गादीवर टेकवून कागदावर उठवून घ्यायचे हे त्यांचं काम. पुढे कुणी 'हा अंगठा माझा नव्हेच' म्हणून उलटला की जुना आणि नवा ठसा शेजारी ठेवून आबा भिंग लावून बसत. धुळ्याच्या कोर्टातही त्यांना साक्षीला बोलावत.

यातून एक ताप झाला होता. आसपासच्या खेड्यांतले लोक त्यांना हात बघणारे समजत. बाजाराच्या दिवशी ओट्यावर कुणी ना कुणी तळवा पसरून उभं असे. आबा आधी समजावून सांगत, मग वैतागत. एकदा एक नटूनथटून आलेला तरुण काही केल्या हटेना. 'माझं लग्न कधी होईल तेवढं सांगा,' असा त्याने धोशाच लावला.

"ते मला माहीत नाही," आबा म्हणाले. "पण झालं, आणि तू नंतर नाही म्हणालास, तर ते तूच केलं होतंस एवढं मी कोर्टात सांगेन."

तो तरुण त्यांच्या पाया पडून समाधानाने गेला.

पेन्शनीनंतर आबांनी जे आरंभलं होतं त्याचं मात्र नाव काढायची त्या घरात सोय नव्हती. घर कडक शाकाहारी. अक्कांच्या देवघरात बाळकृष्ण, चातुर्मासात कांदासुद्धा बंद. आणि आबा रोज सकाळी भिंग, कर्कटक आणि दोऱ्याचं रीळ घेऊन बाहेर पडायचे ते रानपाखरांची अंडी मोजायला! गावात कुणीतरी उठवलं की आबा पेन्शनीत आले आणि अंडी खायला लागले. अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी नवरा-बायकोत तह झाला. अंडं घरात येणार नाही, फुटकं कवचसुद्धा नाही. आणि तो शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नाही. त्याऐवजी 'फळ' म्हणायचं.

मी जेवायला त्यांच्यातच असे. पहिल्या दिवशी मला काहीच कळेना.

"आज टिटवीची फळं पाहिली," आबा पानावर बसल्या बसल्या म्हणाले. "चारही एका घाटाची. रंग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा, पण आदल्या दिवशीच्या."

"जेवा आता," अक्का म्हणाल्या.

एकदा अक्कांचे भाऊ पारोळ्याहून आले होते. त्यांना हा तह ठाऊक नव्हता. आबा रंगात येऊन सांगत होते, त्या अमक्या फळावर जांभळट छटा कशी आहे, त्या तमक्यावर नक्षी कशी एका टोकाला गोळा झाली आहे. पाहुण्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "दाजी, ही फळं आपल्याकडे बाजारात येतात का?"

"छे," आबा म्हणाले. "पिकली की उडून जातात."

अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या रागावल्या आहेत असं मला वाटलं. आत जाऊन पाहते तर चुलीपुढे बसून एकट्याच हसत होत्या.

हे वेड कुठून लागलं ते आबांनी मला एकदा ओट्यावर बसून सांगितलं. नोकरीत असताना ते फिरतीवर निघाले होते. तापीकाठी नाव पलीकडे गेलेली, ती परत येईपर्यंत बसून राहायचं. समोर दगडगोट्यांत टिटवीची चार अंडी. निमुळती टोकं आत करून फुलासारखी मांडलेली. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून आबांनी खिशातलं भिंग काढलं. चारही अंड्यांवर एकाच धाटणीचे काळे फराटे. थोडं पुढे दुसऱ्या टिटवीची चार होती. रंग तोच, पण फराटे वेगळ्या हाताचे.

"मास्तरीणबाई, माझ्या अंगावर काटा आला," ते म्हणाले. "अहो, ती तिची सही होती! चार कागदांवर एकाच बाईनं केलेली. नाव येऊन परत गेली, मी तिथंच."

तेव्हापासून त्यांनी हेच धरलं. एका मादीची अंडी एकमेकांशी किती जुळतात आणि शेजारणीच्या अंड्यांहून किती वेगळी असतात, हे मोजायचं. कर्कटकाच्या टोकांना मेण लावलेलं, अंड्याला ओरखडा जाऊ नये म्हणून. लांबी कर्कटकाने, घेर दोऱ्याने. मग डाग. मोठ्या टोकाला दाट की सगळीकडे सारखे, ठिपके की रेघा. "अंड्यावर दोन शाया असतात," ते सांगत. "वरची तपकिरी सगळ्यांना दिसते. तिच्याखाली एक राखी-जांभळी असते, पुसट, आधी लावून मग पुसून काढल्यासारखी. खरी ओळख तिच्यात." हे सगळं ते जाड कागदाच्या तुकड्यांवर रंगवून ठेवत. अंडं हातात घ्यायचं ते अगदी थोडा वेळ, आणि जसं होतं तसं, त्याच कुशीवर परत ठेवायचं.

रंगांनी त्यांना फार छळलं. "तपकिरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एक येतो, माझ्या डोळ्यांपुढे दुसरा. मग तुलना कशी करायची?" यावर त्यांनी उपाय काढला. मोटार अड्ड्याजवळच्या हॉटेलात जाऊन त्यांनी ओळीने चहाचे ग्लास मांडायला लावले. पहिल्यात दूध आणि चहाचा नुसता वास, शेवटच्यात कोरा काढा. प्रत्येकात कागदाची पट्टी बुडवायची, वाळवायची, की झालं तपकिरीचं माप. हॉटेलवाला कपाळाला हात लावून पाहत होता.

"आबा, आता हा इतका चहा पिणार कोण?"

"तुम्ही प्या. मला तिसरा द्या, तो टिटवीचा आहे."

चहाने भागलं नाही तेव्हा त्यांनी गावातल्या रंगारी चाचांना धरलं. चाचा लुगडी रंगवत. कावळ्याच्या अंड्याचा फिका निळा काही केल्या जमेना. शेवटी चाचांनी मूळ रंगच पाहायचा म्हटलं. आबांनी लांब बांबूला आरसा बांधला, निंबावरच्या घरट्यावर धरला आणि चाचांना खाली उभं केलं. चाचा मान वर करून पाहत राहिले. "आबा," ते म्हणाले, "ये तो पक्का रंग है. बनानेवाले को सलाम बोलो." दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंधी आणून दिली. कावळ्याचा निळा तिच्यात हुबेहूब उतरला होता.

त्याच आरशात आबांनी कोकिळेचं अंडं पकडलं. कावळ्याच्या चार अंड्यांत एक परकं. त्या दिवशी ते घरी आले ते जणू मोठा दरोडेखोर सापडल्यासारखे.

"बनावट सही!" ते ओट्यावरूनच ओरडले. "रंग जमवलाय, ठिपके जमवलेत, पण माप चुकलं! लहान आहे! मी लगेच ओळखलं!"

"मग आता काय, खटला भरणार?" अक्कांनी आतून विचारलं.

"छे गं. इतकं सुंदर बनावट काम मी सगळ्या नोकरीत पाहिलं नाही."

त्यांच्या छत्रीबद्दल सांगायलाच हवं. नदीवर सुरय नावाचे पक्षी वाळूत अंडी घालतात. अंग राखी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक. ऊन तापलं की पोट पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. कुणी जवळ गेलं की ते किंचाळत डोक्यावर झेपावतात आणि वरून शिटतातही. म्हणून आबा भर उन्हाळ्यात, ढग नाही पाऊस नाही, पावसाळी छत्री उघडून वाळूत चालत. छत्री पांढरी-काळी झाली होती. अक्का ती धुवायला मागत. आबा देत नसत. "नवी छत्री पाहून ती घाबरतील. ही त्यांच्या ओळखीची आहे."

एकदा मी त्यांना विचारलंच, "आबा, हे करून काय मिळतं?"

त्यांनी दोऱ्याचं रीळ गुंडाळून ठेवलं. मग म्हणाले, "मी जन्मभर जे ठसे पाहिले ना, ते सगळे काहीतरी देऊन टाकणाऱ्यांचे. कुणी शेत लिहून दिलं, कुणी घर, कुणी बहिणीनं भावाला हिस्सा सोडून दिला. हसत अंगठा उठवलेला माणूस मला आठवत नाही. कित्येकांचा हात धरून गादीवर टेकवावा लागायचा. ठसे वाचायची सवय तर जात नाही. मग म्हटलं, असे ठसे वाचू की ज्यांत कुणाचं काही गेलेलं नाही."

एवढं बोलून ते उठले आणि अक्कांना विचारायला गेले की वांगी भरताची आहेत का.

आता त्या दिवसाकडे येते. त्याआधी एक गोष्ट. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मी ते ओळखलं होतं, कारण भिंग हळूहळू डोळ्याच्या फार जवळ यायला लागलं होतं आणि संध्याकाळी ते ओट्याची पायरी पायाने चाचपत. "अक्काला बोलू नका," त्यांनी मला बजावलं होतं, "ती माझं नदीवर जाणं बंद करेल." पुढे धुळ्याला त्यांचं ऑपरेशन झालं आणि नीट झालं. ऐकणारा उगाच काळजीत राहू नये म्हणून आधीच सांगून टाकते.

शिरपूरच्या खाली तापीच्या पात्रात उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या लागत. त्यांतली एक केसरबाईची. नवरा-बायको पाणी ओसरलं की वाळूत झोपडी घालून राहत, वेल लावत आणि पाऊस येण्याआधी गावात परतत. त्यांच्या वाडीसमोर, घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे, वाळूचा लांब दांडा होता. सुरयींची वसाहत तिथेच. आबा तिकडे जाताना-येताना केसरबाईच्या झोपडीत टेकत. ती त्यांना काकडी कापून देई आणि ते अंडी कशी उचलतात, पाहतात आणि परत ठेवतात हे दुरून बघत बसे.

तिने अक्कांना निरोप धाडला होता, टरबुजं तयार झाली, या. अक्का आजवर नदीवर आल्या नव्हत्या. या वेळी म्हणाल्या, "येते. पण केसरबाईची फळं बघायला. तुमची नव्हे." रविवारी पहाटे आम्ही तिघं बैलगाडीने निघालो. दिवस चैत्रातले. गाडी पात्रात उतरली तेव्हा ऊन नुकतंच पडलं होतं. आणि आबा गाडीतच उठून उभे राहिले.

"थवा वर का आहे?"

खरंच, दांड्यावर सगळी पाखरं हवेत होती. गोल गोल फिरत होती आणि नुसता कल्लोळ चालला होता. तिकडे माणूस कुणी दिसत नव्हतं.

झोपडीतून केसरबाई हसत पुढे आली. तिच्या कडेवर टोपली होती, वर ओला फडका. तिने टोपली आबांच्या पायाशी ठेवली आणि फडका दूर केला. आत वाळूचा थर देऊन, एकाला एक लागणार नाही अशी, सुरयींची अंडी मांडलेली होती. वीसेक तरी असतील.

"आबा, तुम्ही दोन वरीसपासून देखतस आन परत ठी देतस," ती म्हणाली. "तुमले लाज वाटस, म्हणीसन मीच आणात. बठ्ठा नही लिन्हात हां. हर घरमातून एक. बाकीना मायना जोडे ठेवात."

म्हणजे सगळी घेतली नव्हती, प्रत्येक घरट्यातून एकच; बाकीची तिने आईजवळ राहू दिली होती. आबा मटकन वाळूत बसले. केसरबाईचं हसू हळूहळू मावळलं.

"काय व्हयनं आबा? मन्हं चुकनं का?"

आबांनी टोपलीत पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता हे काय बोलतात कोण जाणे. ते म्हणाले, "केसरबाई, तुमचा हात फार हलका हो. एकालाही तडा नाही. इतकं जपून मलासुद्धा जमलं नसतं." मग फडका पुन्हा टोपलीवर ओढून म्हणाले, "तुमची भेट मी घेतली. आता माझ्याकडून ती या पाखरांना देऊ या. चालेल?"

"चालस ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पन कोनतं कोठलं, ते माले काय याद नही."

"ते अंडीच सांगतील. घरट्यांत त्यांच्या बहिणी आहेत ना! पण वाळू तापायच्या आत व्हायला हवं."

टोपली घेऊन आम्ही चौघं पाणी ओलांडून दांड्यावर गेलो. पाखरं डोक्यावर झेपावू लागली. मी छत्री धरली. पहिल्या खळगीत दोन अंडी होती. आबांनी त्यांतलं एक उचललं, भिंग लावलं. पाहत राहिले. वाळूवरून उन्हाची चकाकी उठत होती. त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"मास्तरीणबाई," ते हळूच म्हणाले, "मला नुसता रंग दिसतोय. रेघा दिसत नाहीत."

पण अक्का मागेच उभ्या होत्या.

"कधीपासून?"

आबा भिंग बंडीला पुसत राहिले.

"कधीपासून, विचारते."

"दिवाळीच्या सुमाराला सुरू झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत!" अक्कांचा आवाज चढला, पण लगेच त्यांनी तो आवरला. वर पाखरं ओरडत होती, पायांखाली वाळू गरम व्हायला लागली होती. "ते मी घरी गेल्यावर बघते. आता काय बघायचं असतं ते सांगा."

"तू?"

"मग काय ही पोर? तिला तांदळातला खडा दिसत नाही." त्यांनी पाण्यात हात धुतले, पदर घट्ट खोचला आणि हात पुढे केला. "द्या ते अंडं इकडं!"

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. आबांनी अंडं त्यांच्या ओंजळीत ठेवलं. अक्कांनी ते गालाजवळ नेलं.

"ऊब आहे हो याला," त्या म्हणाल्या.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आबा वाळूत बसून विचारत आणि अक्का पाहून सांगत. "मोठ्या टोकाला काय आहे?" "सगळी नक्षी डोक्यावर गोळा झालीय. खाली मोकळं." "रेघा की ठिपके?" "ठिपके. मोहरी तडतडल्यासारखे." "खालची शाई दिसते? पुसट, जांभळी?" "दिसते की. आमसुलाचं पाणी सांडल्यासारखी." मग त्या टोपलीवर वाकत, डोळे बारीक करून एकेक अंडं पाहत आणि एकदम म्हणत, "ही बघा हिची बहीण!" दोन्ही शेजारी धरल्यावर माझ्यासारखीलाही दिसायचं की हो, एकाच हाताचं काम आहे.

पहिली दोन-तीन घरटी वेळ लागला. पुढे अक्कांचा हात बसला. आबांनी विचारण्याआधीच त्या सांगू लागल्या. "हिचा मसाला करपलाय. काळा टिपूस नुसता." "ही आळशी दिसते, चार ठिपके टाकले आणि झालं." "हिला रांगोळी येते हो, काय रेघ ओढलीय!" जन्मभर डाळ निवडलेले, लुगड्याच्या काठाला काठ जुळवून पाहिलेले डोळे ते. केसरबाई पुढे पळून उघड्या अंड्यांवर पदराची सावली धरत होती. मी अक्कांवर छत्री धरली होती तरी त्यांच्या खांद्यावर पाखरांनी व्हायचा तो प्रकार केलाच. अक्कांनी पाहिलंसुद्धा नाही.

आबांचा चेहरा त्या वेळी पाहायला हवा होता. दिसत नसल्याचं दुःख त्यावर औषधालाही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि आज बायको त्यांना सुरयीच्या अंड्यावरच्या रेघा वाचून दाखवत होती.

शेवटी दोन अंडी उरली आणि दोन घरटी. आणि तिथे भांडण झालं.

आबांनी कर्कटकाने चाचपून माप घेतलं. "लांबीनं पाहिलं तर हे डावीकडचं."

"माप राहू द्या," अक्का म्हणाल्या. "मी आणि माझी बहीण काय एका उंचीच्या आहोत? रंग बघा. हे उजवीकडचं."

"अगं, या दोघींचे रंग जवळजवळ सारखे आहेत. मी मागच्या आठवड्यात पाहिलेत. कोणतं कोणाचं ते नुसत्या डोळ्यानं सांगता येणार नाही."

"तुम्हाला नसेल येत."

ऊन चढत होतं. केसरबाई म्हणाली, "अक्का सांगतस तसं ठेवा आबा, पाय भाजी ऱ्हायनात." अक्कांच्या म्हणण्याप्रमाणे ठेवलं, आणि आम्ही पाणी ओलांडून झोपडीच्या सावलीत आलो.

अक्का हातपाय धुवायला पुढे गेल्या. मी आबांजवळ बसले होते. मनात कधीचं घोळत होतं ते विचारलं. "आबा, कुठलंही अंडं कुठल्याही घरट्यात ठेवलं असतं, तर ती बसली नसती का?"

"बसली असती," आबा शांतपणे म्हणाले. "सुरय फारशी निवड करत नाही. मी पाहिलंय."

"मग इतकं ऊन कशाला खाल्लं?"

"मला माहीत होतं ना कुणाचं कुठलं ते. माहीत असून अदलाबदल कशी करायची?"

अक्का परत आल्या आणि बाहेर दांड्याकडे तोंड करून बसल्या. केसरबाईने टरबूज फोडलं, पण त्याला कुणी हात लावेना. पाखरं अजून वरच होती. मग एक खाली उतरली. दोन पावलं चालली, पोटाची पिसं फुगवली आणि खळगीत बसली.

"बसली," अक्का म्हणाल्या.

आबा मान कलती करून ऐकत होते. आवाज कमी होतोय एवढं त्यांना कळत होतं.

"तीही बसली. ती करपल्या मसाल्याची. ती आळशी पण बसली. अहो, रांगोळीवाली बसली!" प्रत्येक पाखराबरोबर अक्का टाळी वाजवायच्या बेतात येत आणि हात मागे घेत. हळूहळू दांडा शांत झाला. वाळूवर जागोजागी काळ्या टोप्या दिसायला लागल्या. शेवटच्या दोन घरट्यांपैकी डावीकडची बसली. उजवीकडची बसेना. ती अंड्यांपाशी उतरली आणि नुसती उभी राहिली.

अक्कांनी माझा हात धरला. "काय करतेय ती?"

"काय करतेय?" आबांनीही तेच विचारलं.

"बघतेय," अक्का म्हणाल्या. "मान वाकडी करून बघतेय. चोचीनं एक फिरवलं. मी ठेवलेलंच फिरवलं. अहो, गेली! उडाली!" त्यांचा आवाज रडवेला झाला. "नाही, परत आली. पोट ओलं करून आलीय. पाणी निथळतंय. उभीच आहे मेली. आता दुसरं फिरवलं. आता..."

केसरबाई सुरी खाली ठेवून पुढे सरकली.

"बसली!" अक्का किंचाळल्या. "बसली हो! मी म्हटलं नव्हतं? रंगच बरोबर होता!"

मी आबांकडे पाहिलं. सुरय कुठल्याही अंड्यावर बसते हे त्यांनी मला नुकतंच सांगितलं होतं. ती बसली यावरून कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, काहीही ठरत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टरबुजाची लालभडक फोड उचलून त्यांनी अक्कांच्या पुढे धरली.

"तुझंच बरोबर," ते म्हणाले. "मी मापात चुकलो."